पाचशे मीटरचा चिखल

(विद्यार्थी दिनानिमित्त बंदरालगतच्या एका वस्तीतल्या बुद्धविहारात तरुणांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला कवी म्हणून बोलावलंत. पण आज मी कविता वाचणार नाही. कविता ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल, मी खाली बसेन, आणि उद्या सकाळी सात वाजता आपली पोरं त्याच गटाराच्या कडेनं शाळेला जातील. म्हणून आज सरळ बोलतो. विषयही साधा आहे. शाळेला जायचा रस्ता.

तुम्ही म्हणाल, आजच्या दिवशी हा काय विषय काढला? ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा विद्यार्थी दिवस पाळतं. आज शाळाशाळांतून फोटोला हार पडले, भाषणं झाली. वर्गाबाहेर गोणपाटावर बसलेल्या भीमाची गोष्ट सगळ्यांनी सांगितली. ती सांगितलीच पाहिजे. पण वर्गाच्या दाराच्या आधी रस्ता असतो. दारात पोचायला पाय लागतात, आणि पायाखाली काहीतरी लागतं. त्याचं कुणी बोलत नाही. सगळी भाषणं दारापासून सुरू होतात.

आपला इतिहास मात्र रस्त्यापासून सुरू होतो, दोस्तहो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड कुठं पडले? वर्गात नाही. वर्गात यायची त्या भटांची छाती नव्हती. शेण पडलं ते घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर. बाई पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायची. म्हणजे शाळा बंद पाडायची तर शाळेला हात लावायची गरज नाही, रस्ता नासवला की काम होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपल्याला अजून पुरतं कळलेलं नाही.

केरळाकडं, त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानात, अय्यनकाली नावाचा पुलया जातीतला माणूस होऊन गेला. त्यानं १८९३ साली ज्या सार्वजनिक रस्त्यावरून अस्पृश्यांना चालायची बंदी, त्याच रस्त्यावरून बैलगाडी हाकली. पुलयांच्या पोरांना शाळेत घ्या, ही त्याची लढाई त्यानंतरची. आधी रस्ता, मग शाळा. हा क्रम त्या निरक्षर माणसानं बरोबर लावला होता.

आणि महाड. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. कागद झाला. मग चार वर्षं काय झालं? पाणी जागच्या जागी राहिलं, आपण आपल्या जागी. २० मार्च १९२७ ला माणसं रांगेनं चालत तळ्यापर्यंत गेली, तेव्हा त्या ठरावाला पाय फुटले. हक्क कागदावर मिळतो. पण कागद आणि तळं यांच्यामध्ये जे अंतर असतं ते चालावंच लागतं. मी आज त्याच अंतराबद्दल बोलतोय.

बरं, आता कायदा बघू. मी मॅट्रिक झालेला माणूस, वकील नाही. पण कायदा वाचायला वकील व्हावं लागत नाही, चष्मा आणि चीड असली की पुरतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. केंद्राने त्या साली केलेले नियम सांगतात: पहिली ते पाचवीच्या पोराला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीच्या पोराला तीन किलोमीटरच्या आत. इथपर्यंत सगळ्या मास्तरांना पाठ आहे. पण त्याच सहाव्या नियमात पुढं अजून एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. जिथं जमीन अवघड आहे, दरड कोसळते, पूर येतो, रस्ता नाही, किंवा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत लहान पोरांना धोका आहे, तिथं हे अंतर कमी करा आणि धोका टळेल अशी शाळा द्या. ऐकलंत? वाटेतला धोका. म्हणजे नियम करणाऱ्याला माहीत होतं की पोराचा किलोमीटर आणि टेपाचा किलोमीटर एक नसतो.

आता दुसरा कागद काढतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, २००० सालची. सपाटीवरच्या ज्या वाडीची लोकसंख्या ५०० च्या वर आणि जिला रस्ता नाही, तिला बारमाही रस्ता द्यायचा. चांगली गोष्ट आहे. पण 'रस्ता नाही' म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी केली. बारमाही रस्त्यापासून निदान ५०० मीटर लांब असेल तीच वाडी बिनरस्त्याची. त्याच्या आत असेल ती जोडलेली धरायची. डोंगराळ भागात तर हे अंतर दीड किलोमीटर.

आता डोळे मिटा आणि आपापलं गाव आठवा. गावापासून आपली वस्ती किती लांब? सावली पडणार नाही इतकी लांब, आणि हाक मारली की राबायला येईल इतकी जवळ. दोनशे मीटर. तीनशे. चारशे. साला, मनूनं आपल्याला नेमकं त्या व्याख्येच्या आत बसवून ठेवलंय! गावाला डांबरी सडक आली की वस्ती कागदावर आपोआप जोडली गेली. मधला चिखल कुठल्याच रकान्यात नाही. शिक्षण खात्याच्या हिशेबी शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे शाळा आहे. सडक खात्याच्या हिशेबी वस्ती पाचशे मीटरच्या आत आहे, म्हणजे रस्ता आहे. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर शिक्के, आणि त्या दोन कागदांच्या मधोमध आपलं पोर हातात चपला घेऊन गुडघाभर चिखलात उभं.

हातात चपला का, ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. काळ्या रानातला चिखल चप्पल सोडत नाही. अंगठा तुटतो. नवी चप्पल दिवाळीशिवाय मिळत नाही. म्हणून पोर चप्पल वाचवतं आणि पायात काटा घेतं.

आणि वेळ बघा कसली. मुंबईत पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. शाळा उघडते जूनच्या मध्याला. वर्षभरातली सगळ्यात वाईट वाट पहिलीच्या पोराला शाळेच्या पहिल्याच आठवड्यात भेटते. मास्तर हजेरीवर लिहितो, गैरहजर. महिनाभरानं म्हणतो, अनियमित. वर्षानं साहेब रिपोर्टात लिहितो, पालकांची अनास्था. अनास्था! आमच्या आयांनी पोरांना डोक्यावर बसवून ओढे पार केले, आणि ह्यांना आमची अनास्था दिसते.

माझ्या अक्काचं सांगतो. आमचं गाव बालाघाटच्या डोंगराकडचं. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला शेजारच्या गावी, मध्ये ओढा. ओढ्यावर पूल नाही, नुसते दगड टाकलेले. अक्का वर्गात पहिली-दुसरी यायची, माझ्यापेक्षा हुशार. आठवीच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि दोन पोरी वाहता वाहता वाचल्या. मायनं त्या रात्री अक्काचं दप्तर माळवदाच्या खुंटीला टांगलं, ते खाली आलंच नाही. माय म्हणाली, पोरगी शिकली नाही तरी चालंल, पर दिसली पाहिजे. त्या बाईला काय म्हणायचं? अडाणी? तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, शाळा आणि पोरगी. तिनं पोरगी निवडली. पण ही निवड तिच्यापुढं ठेवली कुणी? पंधराव्या वर्षी अक्काचं लग्न झालं. आज ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते, ऊस तोडते.

आणि त्याच गावात, दोस्तहो, कारखान्याचा सीझन लागायच्या आधी शेताकडच्या वाटांवर मुरूम पडतो. बैलगाडी रुतायला नको, ट्रॅक्टर रुतायला नको. २०२१ साली सरकारनं मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. शेतकऱ्याला शेताचा रस्ता हवाच, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्यानं कुठली पाणंद मागायची? आमचं पीक म्हणजे पोरं. आमचं हे पीक शाळेपर्यंत न्यायला कुठली योजना, कुणाच्या मातोश्रीच्या नावानं? आमच्याही आया होत्या की!

अक्काची पोर आता दहा वर्षांची आहे. ती आजीजवळ गावात राहते. तीन वर्षांनी तीही त्याच ओढ्याच्या काठावर उभी राहील. म्हणून हे भाषण मला स्मरण म्हणून करायचं नाही. मला तीन वर्षांचीच मुदत आहे.

हे फक्त आमच्या गावाचं रडगाणं नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली ती साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या पोरींची. त्या पोरी कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढं जंगलातून चालत शाळा गाठत होत्या. कोयनेच्या विजेवर मुंबईचे दिवे लागले, गिरण्या चालल्या. ज्यांच्या खोऱ्यात पाणी तुंबवलं त्यांच्या पोरींच्या हातात आपण वल्हं दिलं. २०२३ साली औरंगाबाद खंडपीठानं अशीच दखल घेतली ती गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची. तिथली पोरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जात होती. फ्रीजच्या खोक्यात असतं ना, ते थर्माकोल. कुठं गाव आदिवासी, कुठं शेतकऱ्याचं, कुठं आपलं. धरण सगळ्यांचं, पाणी काहींचं, आणि होडी गरिबाच्या लेकराची.

न्यायमूर्तींनी दखल घेतली, त्यांचे आभार. पण ज्या तलाठ्यानं, ग्रामसेवकानं, बीडीओनं, आमदारानं ती पोरं रोज बघितली, त्यांचे डोळे कुठल्या खंडपीठानं उघडायचे?

उलट काय झालं बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. म्हणे मोठ्या शाळेत मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, पोरांना गाडीनं नेऊ. लोक ओरडले, शिक्षक ओरडले. ओरडायलाच हवं होतं. वीस पोरांची शाळा ही कुणाची असते? तांड्याची, पाड्याची, वाडीची, वस्तीची. ती बंद केली की पोराचा रस्ता लांबतो. आणि रस्ता लांबला की सगळ्यात आधी पोरगी गळते. गाडीचं म्हणाल, तर मानव विकासच्या निळ्या एसट्या पोरींसाठी आहेत, फुकट पास आहे, खरं आहे. पण एसटी सडकेवर येते. फाट्यापासून वस्तीपर्यंत एसटी नाही, पासही नाही. फाट्यापासून अंधार आहे, आणि अंधारात गावातली टवाळ पोरं आहेत. ज्या बापाला ते दिसतं त्यानं पोरगी घरी बसवली तर त्याला मागासलेला म्हणू नका. आधी त्या फाट्यावर दिवा लावा.

आता तुम्ही मुंबईची पोरं म्हणाल, हे गावाकडचं झालं, आमच्याकडं तर सगळं डांबरी. चला, आपली वस्ती बघू. मी गोदीत माल चढवतो, उतरवतो. कंत्राटी. आपल्या या विहारापासून शाळा आहे पाऊण किलोमीटरवर. मी गेल्या रविवारी मोजायचा टेप घेऊन गेलो. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून एक संस्था आहे, तिनं २०१२ साली पायी चालणाऱ्यांसाठी लिहून ठेवलंय की फुटपाथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा हवा, आणि रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. म्हणजे सहा फूट रुंद, सहा इंच उंच. पहिलीतलं पोर चढू शकेल असा. मला काय सापडलं? पहिल्या वळणापर्यंत फुटपाथच नाही. पुढं आहे, तर त्यावर ट्रकचे टायर, ऑइलचे डबे, एक बंद पडलेली टॅक्सी. एका ठिकाणी गटाराचं झाकण नाही, तिथं कुणी भल्या माणसानं झाडाची फांदी खोचून ठेवलीय. पावसाळ्यात पाणी भरलं की फांदी वाहून जाते, खड्डा राहतो. आणि पोरांच्या खांद्याला घासून ट्रेलर जातात, चाळीस फुटी. ड्रायव्हरला पोर दिसत नाही, पोराला ड्रायव्हर दिसत नाही. चाक तेवढं दिसतं.

आम्ही अर्ज घेऊन गेलो. एका कार्यालयात साहेब म्हणाला, ही जमीन आमची नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाला, जमीन आमची, पण तुम्हीच बेकायदा, तुम्हाला फुटपाथ कसला? तिसऱ्यानं अर्जच घेतला नाही. पोर मात्र कायदेशीर आहे की नाही? शाळेच्या पटावर त्याचं नाव आहे, आधार नंबर आहे, शाळेत खिचडी मिळते. शाळेच्या आत ते नागरिक आणि शाळेबाहेर अतिक्रमण! असं कसं चालेल?

हा आकडा लिहून घ्या. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. रोज जवळजवळ नव्वद. हे सरकारनंच छापलंय. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोकळा, अपंगालाही वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बाबासाहेबांच्या घटनेतलं एकविसावं कलम आता त्या फांदी खोचलेल्या खड्ड्यापर्यंत आलंय. तिथून पुढं ते आपल्याला न्यायचंय.

गोदीत मी एक गोष्ट शिकलो, ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. जहाज धक्क्याला लागलं आणि माल वेळेत उतरला नाही, की डेमरेज चढतं. तासातासाला पैसा. म्हणून गोदीत ट्रेलरचा रस्ता खचला तर रात्रीतून खडी पडते, सकाळी रोलर फिरतो. तिथं कुणी विचारत नाही जमीन कुणाची, फाइल कुठं अडली. कारण रस्ता बंद राहिला तर कुणाच्या तरी खिशातून पैसा जातो. मग पोरांच्या रस्त्यावर खडी का पडत नाही? कारण आमच्या पोरांवर डेमरेज चढत नाही. पोराचं वर्ष बुडालं तर कुठल्याही साहेबाचा पगार कापला जात नाही, कुठल्याही नगरसेवकाची खुर्ची हलत नाही. अक्काची अठरा वर्षं ऊसतोडीत गेली, त्याचं बिल कुणाच्या टेबलावर आलं? आपलं काम एवढंच आहे, दोस्तहो. हे डेमरेज चढवायचं. बुडालेल्या प्रत्येक दिवसाचं बिल त्यांच्या टेबलावर न्यायचं.

त्याआधी आपल्या घरातलंही बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. आपल्या पुढाऱ्यांनी वस्तीच्या तोंडाशी निधीतून कमान बांधली. निळी, भली थोरली, वर अशोकचक्र, खाली पुढाऱ्याचं नाव बाबासाहेबांच्या नावापेक्षा ठळक. त्या कमानीखालून गटार वाहतं आणि गटारातून पोरं शाळेला जातात. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय केला. महारवाड्याचं भीमनगर झालं, समतानगर झालं. आनंद आहे, ते नाव गेलंच पाहिजे होतं. पण बाबासाहेबांचं नाव दिलेल्या वस्तीत जायला रस्ता नसेल, तर तो नावाचा मान की अपमान? जयंतीला डीजेची वर्गणी दारोदार जमते. त्याच वर्गणीत चार डंपर मुरूम येतो. पण मी मुरूम टाका म्हणत नाही. मुरूम आपण टाकला तर सरकार म्हणेल, बघा, लोकसहभाग! रस्ता सरकारनंच करायचा. आपण त्याला करायला लावायचा.

कसा, ते सांगतो.

एक. उद्या रविवार धरून प्रत्येक वस्तीतल्या चार पोरापोरींनी टेप घेऊन वस्तीपासून शाळेपर्यंत चालायचं. किती मीटर, कुठं फुटपाथ नाही, कुठं झाकण नाही, कुठं दिवा नाही, कुठं ओढा. वहीत लिहायचं. पोरींना वेगळं विचारायचं, कारण पोरीला जिथं भीती वाटते तिथं पोराला खड्डा दिसत नाही.

दोन. शाळेच्या मास्तरांना घेऊन पावसाळ्यातले गैरहजेरीचे दिवस काढायचे. बरेच मास्तर आपल्या बाजूचे आहेत, तेही त्याच चिखलातून येतात.

तीन. हे सगळं कागदावर लिहून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडं तक्रार करायची. गावात ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, शहरात पालिका. नुसता अर्ज नको, तक्रार. कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल द्या. नाही दिला, किंवा पटला नाही, तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही. तिसऱ्या साहेबासारखा कुणी अर्ज घेत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवायचा.

चार. गावाकडं ग्रामसभेत ठराव मांडायचा आणि तो इतिवृत्तात लिहिला का ते डोळ्यांनी बघायचं. निधीचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागायचा, कायदा २००५ चा आहे, दहा रुपयांत होतं. वडापावपेक्षा स्वस्त.

आणि पाच. तीन महिने गेले आणि काही हललं नाही, तर शाळा उघडेल त्या दिवशी पोरांना घेऊन आपण सगळे चालायचं. घोषणा नकोत, डीजे नको. पोरं जशी रोज जातात तशी, त्याच वाटेनं, चपला हातात घेऊन. फक्त त्या दिवशी शाळेपाशी थांबायचं नाही. तेच चिखलाचे पाय घेऊन साहेबाच्या कार्यालयात जायचं, त्याच्या स्वच्छ फरशीवरून.

महाडला आपले आजे-पणजे पाण्यापर्यंत चालत गेले. त्यांना कुणी रस्ता करून दिला नव्हता. आपल्याला शाळेपर्यंतचा रस्ता मागायचाय, त्यासाठी कायदा आहे, आकडे आहेत, कोर्टाचा शब्द आहे. एवढं असून आपण नुसते टाळ्या वाजवत बसलो, तर पुढच्या विद्यार्थी दिनाला मला बोलावू नका.

टेप मी आणलाय, तीस मीटरचा आहे. कोण येतंय उद्या, त्यांनी नावं सांगा.

जय भीम.